लांब हाताचा योद्धा

बुद्धिबळाच्या पटावर घोडा आणि उंट ही दोन मोहरी शेजारी शेजारी उभी असतात. घोड्याला वाटेतील मोहऱ्यांची अडचण होत नाही; तो त्यांच्यावरून झेप घेतो. परंतु ही झेप आखूड असते. पटाच्या एका कडेहून समोरच्या कडेस पोहोचावयाचे तर त्याला निदान चार खेळी खर्चाव्या लागतात. उंट मोकळ्या तिरप्या वाटेने एका खेळीत पट ओलांडतो. पण पांढऱ्या घरातील उंट अखेरपर्यंत पांढऱ्याच घरांतून फिरतो, आणि शेजारच्या काळ्या घरात शत्रू उभा असला तरी त्याला काही करता येत नाही. या दोहोंत श्रेष्ठ कोण, असे एखाद्या जाणत्या खेळाडूस विचारले, तर तो म्हणेल, "पटावरची स्थिती काय आहे, ते आधी सांगा."

गुण आणि दोष यांची अशीच जोडी आजच्या मुलांच्या आवडत्या व्हिडिओ गेममध्ये, विशेषतः द्वंद्वयुद्धाच्या खेळांत, फार स्पष्टपणे पाहावयास मिळते. अशा खेळात पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात आणि प्रत्येकाची सूत्रे एकेका खेळाडूच्या हाती असतात. खेळ सुरू होण्यापूर्वी खेळाडूने आपला योद्धा निवडावयाचा असतो. त्या वेळी मुले हटकून विचारतात, "यांत सर्वांत बलवान कोण?" हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. तो अपुरा का, हे एका प्रसिद्ध योद्ध्याचे उदाहरण घेऊन पाहू.

जपानमधील ओसाका शहरात कॅपकॉम नावाची कंपनी आहे. तिने १९९१ साली 'स्ट्रीट फायटर २' हा खेळ प्रसिद्ध केला. प्रारंभी तो कपाटाएवढ्या मोठ्या यंत्रावर, नाणे टाकून, खेळला जात असे. यंत्रापुढे दोन खेळाडू उभे राहत. प्रत्येकासाठी एक दांडी आणि सहा बटणे असत. दांडी पुढे लोटली की योद्धा पुढे चाले, वर लोटली की उडी मारी, खाली ओढली की बसे, आणि शत्रूच्या विरुद्ध दिशेस ओढून धरली की आघात झेलण्याचा पवित्रा घेई. सहा बटणांपैकी तीन ठोशांची आणि तीन लाथांची होती: एक हलक्या प्रहाराचे, एक मध्यम प्रहाराचे आणि एक जोरदार प्रहाराचे. सामान्यतः हलका प्रहार चटकन होतो, पण त्याने इजा थोडी होते. जोरदार प्रहाराने इजा पुष्कळ होते, पण तो उगारण्यास आणि आवरण्यास वेळ लागतो. म्हणजे योद्धा निवडण्याच्याही आधी, साध्या बटणांतच, गुणाला दोष जोडलेला आहे.

पडद्याच्या वरच्या बाजूस दोघांच्या शक्तीच्या दोन पट्ट्या दिसतात. प्रहार बसला की पट्टी आखूड होते, आणि ज्याची पट्टी संपेल तो ती फेरी हरतो. ९९ पासून उलट मोजणी चालू असते. ती संपेपर्यंत दोघेही उभे राहिले, तर ज्याची शक्ती अधिक उरली असेल तो जिंकतो. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो.

या खेळात निवडीसाठी आठ योद्धे होते. रियू आणि होंडा हे जपानचे, केन आणि गाइल हे अमेरिकेचे, चुन-ली ही चीनची, ब्लांका ब्राझीलचा, झँगीफ सोव्हिएत संघाचा, आणि आठवा भारताचा. त्याचे नाव धालसिम. हाच आपल्या या पाठाचा नायक होय.

धालसिम हा योगी आहे, असे खेळ निर्माण करणाऱ्यांनी कल्पिले आहे. तो अतिशय कृश आहे. त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. डोक्यावर केस नाहीत, अंगात फाटके वस्त्र आहे आणि गळ्यात तीन लहान कवट्यांची माळ आहे. साथीच्या रोगात दगावलेल्या आपल्या गावातील बालकांची आठवण म्हणून तो ती माळ वागवतो, असे त्याच्या कथेत सांगितले आहे. त्याला युद्धाची आवड नाही. गरीब गावकऱ्यांसाठी पैसे मिळवावेत म्हणून तो स्पर्धेत उतरतो. त्याची लढत जेथे होते, तेथे मागे सोंडा उंचावणारे हत्ती उभे आहेत.

हे चित्र दूरदेशीच्या कलावंतांनी ऐकीव कल्पनांवरून रंगवले आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. योगाभ्यासाने शरीर लवचीक होते, श्वासावर ताबा येतो, मन स्थिर होते; पण हात ताणून दहा हात लांब होत नाहीत आणि मुखातून ज्वाळाही निघत नाहीत. धालसिमला मात्र या दोन्ही गोष्टी साधतात. तेव्हा त्याला भारताचा प्रतिनिधी न समजता, बुद्धिबळातील घोड्याप्रमाणे एक मोहरा समजावे. मोहरा म्हणून तो विलक्षण मनोवेधक आहे.

प्रथम त्याचे गुण पाहू. इतर योद्ध्यांना ठोसा मारण्यासाठी शत्रूच्या जवळ जावे लागते. धालसिम जागचा न हलता हात लांबवतो आणि पडद्याच्या जवळजवळ अर्ध्या रुंदीवर उभ्या असलेल्या शत्रूस गाठतो. त्याच्या पायांचेही तसेच आहे. शत्रू उडी मारून येऊ लागला, तर तो पाय वर ताणून त्याला हवेतच गाठतो; शत्रू जमिनीवरून चालत आला, तर हात पुढे ताणून त्याला अडवतो. त्याशिवाय तो मुखातून अग्निगोळा सोडतो. हा गोळा जमिनीला समांतर असा सरळ पुढे जातो. हलक्या बटणाने सोडलेला गोळा संथ जातो आणि जोरदार बटणाने सोडलेला वेगाने जातो. संथ गोळा दुबळा वाटेल. पण तो पडद्यावर बराच वेळ राहतो, आणि तेवढा वेळ शत्रूला त्याचा विचार करीत राहावे लागते. गोळ्याखेरीज, अगदी जवळ आलेल्या शत्रूस होरपळून टाकणारी एक ज्वाळाही त्याच्यापाशी आहे. दूर उभे राहून लढण्याची इतकी साधने आठांपैकी दुसऱ्या कोणाजवळही नाहीत.

आता दोष पाहू. धालसिमची चाल फार मंद आहे. त्याची उडीही तशीच. तो एखाद्या पिसासारखा हवेत तरंगत खाली येतो, आणि तोवर तो कोठे उतरणार हे शत्रूने हेरलेले असते. अग्निगोळा सोडताना तो क्षणभर जागीच खिळतो. नेमक्या त्याच क्षणी शत्रूने गोळ्यावरून उडी घेतली, तर धालसिमला सावरण्यास अवधी मिळत नाही. शिवाय एक गोळा पडद्यावर असेतोवर त्याला दुसरा सोडता येत नाही. २००८ साली निघालेल्या 'स्ट्रीट फायटर ४' या खेळात तर त्याची दुर्बलता आकड्यांतच मांडलेली आहे. त्या खेळात रियूची शक्ती १०००, झँगीफची ११००, आणि धालसिमची केवळ ९०० ठेवलेली होती. म्हणजे इतरांनी सोसलेला मार त्याला सोसवत नाही.

परंतु त्याचा सर्वांत मोठा दोष अद्याप सांगावयाचा आहे. तो नीट समजण्यासाठी प्रहार यंत्रात कसा घडतो, हे थोडे जाणून घेतले पाहिजे.

पडद्यावरील हालचाल ही वास्तविक एकामागून एक झरझर दाखवलेली स्थिर चित्रे असतात. या खेळात एका सेकंदात सुमारे ६० चित्रे दाखवली जातात. अशा एका चित्रास खेळाडू 'फ्रेम' म्हणतात. प्रत्येक प्रहाराचे तीन भाग असतात: हात उगारणे, प्रहार लागू होणे आणि हात आवरणे. पहिल्या आणि तिसऱ्या भागात हात शत्रूला काहीही करू शकत नाही. जो काही परिणाम होतो तो मधल्या भागात. प्रत्येक भागाला किती फ्रेम लागतात, हे निर्मात्यांनी ठरवून दिलेले असते. डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबण्यास मनुष्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो, म्हणजे सुमारे १२ फ्रेम. म्हणून याहून कमी वेळात येणारा ठोसा पाहून परतवता येत नाही. तो आधी ओळखावा लागतो. उलट, ज्या प्रहाराला आवरण्यास वेळ लागतो, तो चुकला की शत्रूला प्रत्युत्तर देण्यास सवड मिळते.

दुसरी गोष्ट अशी. कोणाला मार बसला हे ठरवण्यासाठी यंत्र प्रत्येक योद्ध्याभोवती अदृश्य चौकोन आखते. काही चौकोन मारणारे असतात, काही मार खाणारे. धालसिमने हात लांब केला की त्या लांबलेल्या हातावरही मार खाणारा चौकोन पसरतो. अर्थात शत्रूला धालसिमच्या धडापर्यंत येण्याची गरजच उरत नाही. त्याने वेळ साधून त्या हातावरच ठोसा मारला, तरी धालसिमची शक्ती तितकीच घटते. दूर उभा असलेला धालसिम हात ताणताच जणू स्वतःच शत्रूच्या दारात जाऊन उभा राहतो.

आपल्या कबड्डीच्या मैदानावर हेच दृश्य आपण पाहिलेले असते. उंच, लांब पायांचा चढाईपटू मध्यरेषेच्या जवळ राहूनच पाय टाकतो आणि कोपऱ्यातल्या खेळाडूला स्पर्श करून परततो. त्याचा लांब पाय हे त्याचे सामर्थ्य. पण तोच पाय पसरलेला असताना कोपरारक्षकाने झडप घालून घोटा पकडला, तर चढाईपटू जमिनीवर आडवा होतो. पाय आखूड असता तर घोटा सापडला नसता. पण आखूड पायाने स्पर्शही झाला नसता. ज्या पायाने गुण मिळतो, त्याच पायाने पकड होते. धालसिमच्या हाताचे रहस्य हेच आहे. त्याचा गुण आणि त्याचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच लांब हाताच्या त्या दोन बाजू आहेत. एक ठेवून दुसरी टाकता येत नाही.

मग अशा योद्ध्याने लढावे कसे? याचे उत्तर धालसिम आणि झँगीफ यांच्या लढतीत सापडते. झँगीफ हा सोव्हिएत पहिलवान. देह पहाडासारखा, छाती रुंद, चाल जड. त्याच्याजवळ फेकून मारण्याचे एकही अस्त्र नाही. पण तो एकदा भिडला की शत्रूला उचलतो, त्याच्यासह हवेत गरगर फिरतो आणि त्याला डोक्यावर आपटतो. या डावासाठी खेळाडूला दांडी पूर्ण वर्तुळात फिरवून ठोशाचे बटण दाबावे लागते. हा डाव बचावाच्या पवित्र्याने झेलता येत नाही, आणि असे दोन-चार डाव बसले की फेरी संपते.

लढत सुरू होते. झँगीफ पुढे सरकतो. धालसिम संथ अग्निगोळा सोडतो. झँगीफ उडी मारील, तर धालसिमचा ताणलेला पाय हवेत त्याची वाट पाहत असतो. तो बचाव करीत थांबेल, तर पुढे जाता येत नाही. पण झँगीफजवळ एक युक्ती आहे. तो दोन्ही हात पसरून भोवऱ्यासारखा फिरतो. हे फिरणे योग्य क्षणी साधले, तर अग्निगोळा त्याच्या अंगाला न लागता निघून जातो. एवढेच नव्हे, तर धालसिमने त्या वेळी हात लांबवलेला असेल, तर फिरणाऱ्या मुठींचा तडाखा त्या हातालाच बसू शकतो. म्हणून धालसिमच्या खेळाडूने हात केव्हा ताणावयाचा, याहून केव्हा ताणावयाचा नाही, हे अधिक जाणले पाहिजे. तो एक गोळा सोडतो, थांबतो, शत्रूचा पवित्रा पाहतो, एक ठोसा मारून हात मागे घेतो, आणि पुन्हा थांबतो. झँगीफला पडद्याची रुंदी ओलांडावयाची असते. धालसिमला ती राखावयाची असते. जोवर दोघांत अंतर आहे, तोवर कृश योगी पहाडासारख्या मल्लाला हैराण करतो. अंतर संपले, की एका क्षणात पारडे फिरते.

हीच लढत झँगीफच्या बाजूने पाहिली, तर तीही तितकीच उद्बोधक आहे. धालसिमशी गाठ पडली, की झँगीफच्या खेळाडूची कठीण परीक्षा असते, असे जाणकार मानतात. वीस वेळा त्याला मागे लोटले जाते, शक्तीची पट्टी तुकड्यातुकड्याने झिजत जाते. तरीही तो रागावून धावला तर हरतो. एकेक पाऊल मिळवीत गेला तर एकविसाव्या वेळी पोहोचतो. ज्याला जवळ जाऊन जिंकावयाचे आहे, त्याला आधी दूर असताना सोसता आले पाहिजे. झँगीफचे बळही त्याच्या मंदपणाशी असेच बांधलेले आहे.

यावर कोणी म्हणेल, "निर्मात्यांनी हे दोष काढून का टाकले नाहीत?" त्यांनी काही सुधारणा केल्या, हे खरे. १९९२ साली निघालेल्या या खेळाच्या 'टर्बो' आवृत्तीत धालसिमला अदृश्य होऊन दुसऱ्या जागी प्रकट होण्याची विद्या मिळाली. कोपऱ्यात कोंडला गेला असता निसटण्यास ती उपयोगी पडते. तथापि प्रकट होताच तो क्षणभर असहाय असतो, आणि शत्रूने ती जागा ओळखली तर पळालेला योगी त्याच्याच हाती सापडतो. नवा गुण देताना त्याची किंमतही सोबत लावून दिलेली आहे.

ही किंमत लावली नाही, तर काय होते याचेही उदाहरण आहे. १९९४ साली याच मालिकेतील 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो' या खेळात अकुमा नावाचा एक गुप्त योद्धा ठेवलेला होता. निवडीच्या वेळी विशिष्ट खूण केली, तरच तो मिळे. इतर योद्धे जमिनीवरून गोळा सोडत. अकुमा उडी मारून हवेतूनही तिरपा गोळा खाली सोडी, आणि त्याला उत्तर देणे बहुतेकांना अशक्य होई. परिणाम काय झाला? तो सर्वांचा लाडका झाला नाही. स्पर्धांमधून त्याला वगळण्याचीच रीत पडली. ज्याच्यापुढे दुसऱ्या कोणाची निवड करण्यात अर्थ उरत नाही, त्याच्यामुळे खेळच संपतो. जिंकण्याची खात्री असलेल्या लढतीत कौशल्याला कामच काय उरले? धालसिम मात्र पुढील अनेक खेळांत परत परत आला आणि आजही खेळला जातो. त्याच्या दोषांनीच त्याला खेळात राखले, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. सर्वांत बलवान कोण, हे योद्ध्याकडे पाहून सांगता येत नाही. कोणत्या शत्रूसमोर, किती अंतरावर आणि कोणत्या क्षणी, हे कळल्यावाचून बळ हा शब्द पोकळ आहे. म्हणून अनुभवी खेळाडू योद्धा निवडल्यावर तीन गोष्टी शोधतो. माझा गुण कोठे चालतो? तोच गुण मला कोठे उघडा पाडतो? आणि समोरच्याचा गुण जेथे चालत नाही, अशी जागा कोणती? हरल्यावर योद्ध्याला नावे ठेवणारा मुलगा दुसरा योद्धा घेतो, पुन्हा हरतो, आणि तिसरा घेतो. हे तीन प्रश्न विचारणारा मुलगा तोच योद्धा घेऊन पुन्हा उभा राहतो.

मुलांनो, पडद्यावरचा खेळ मर्यादेतच खेळावा, हे तुम्हांला वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आहेच. परंतु खेळून झाल्यावर यंत्र बंद करताना त्यातील एवढा विचार सोबत घेण्यास हरकत नाही. वर्गात जो फार भरभर लिहितो, त्याच्या अक्षराला घाईचा दोष लागतो. जो फार काळजीपूर्वक लिहितो, त्याचा पेपर अपुरा राहतो. जो चटकन उत्तर देतो, तो प्रश्न पुरता ऐकत नाही. जो पुरता ऐकतो, त्याला हात वर करण्यास उशीर होतो. यांतील कोणीही कमी प्रतीचा नाही. आपला हात कोठवर पोहोचतो आणि तो केव्हा आवरावा, एवढे ज्याचे त्याने ओळखले पाहिजे.

स्वाध्याय

१. बुद्धिबळातील घोडा व उंट यांचे प्रत्येकी एक गुण व एक दोष सांगा.
२. प्रहाराचे तीन भाग कोणते? चुकलेला प्रहार धोक्याचा का ठरतो?
३. 'ज्या पायाने गुण मिळतो, त्याच पायाने पकड होते,' हे विधान धालसिमला कसे लागू पडते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. अकुमाला स्पर्धांमधून वगळण्याची रीत का पडली असावी?
५. तुमच्या आवडीच्या कोणत्याही मैदानी खेळातील एक खेळाडू निवडा. त्याचा एक गुण व त्याच गुणातून निर्माण होणारा एक दोष यांवर दहा ओळी लिहा.